मराठी माध्यमाचा कोर्स मूडलवर: नोट्स, आलेख, व्हिडिओ, चाचण्या सगळ्यांना वापरता येतील अशा कशा करायच्या?

मागणीवक्र (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बी.ए. भाग १ च्या अर्थशास्त्राचा पेपर या सत्रापासून मूडलवर (ऑनलाइन वर्ग चालवण्याचं सॉफ्टवेअर) नीट मांडायचा आहे. महाविद्यालय कोल्हापुरातलं, माध्यम मराठी, वर्गात सत्तर-ऐंशी मुलं. काही शहरातली, काही वसतिगृहांत राहणारी, बरीचशी गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी भागातून एसटीने ये-जा करणारी. स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर) वापरणारे अंध विद्यार्थी आहेत, श्रवणयंत्र वापरणारेही आहेत. फोन जवळपास सगळ्यांकडे, संगणक थोड्यांकडे.

हाताशी आहे ते असं: जुन्या मराठी फॉन्टमधल्या नोट्स, पुस्तकाच्या पानांचे फोटो जोडून केलेल्या पीडीएफ, मागच्या बाकावरून केलेली पन्नास-पन्नास मिनिटांची रेकॉर्डिंग्ज आणि पन्नास प्रश्नांचा एक गूगल फॉर्म. यातलं काय ठेवायचं, काय नव्याने करायचं, आणि कोणत्या क्रमाने? थोडा निधी मिळण्यासारखा आहे. त्यातून स्मार्ट बोर्ड घ्यावा असं काहींचं म्हणणं आहे.

कळंबा

आधी मजकूर, मग चाचण्या, मग आवाज, सगळ्यात शेवटी व्हिडिओ. बोर्डाचं नंतर बोलू.

मजकूर पहिला, कारण बाकी सगळं त्याच्यावर उभं राहतं. कृतिदेव, श्री-लिपी किंवा शिवाजी फॉन्टमधली फाइल कागदावर मराठी दिसते, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. स्क्रीन रीडर तेच वाचतो. फोनवर तो फॉन्ट नसतो, म्हणून डोळस मुलालाही कचराच दिसतो. मूडलच्या शोधात 'लवचिकता' टाकलं तर एकही नोंद सापडत नाही. म्हणजे अडचण फक्त अंध मुलांची नाही, अख्ख्या वर्गाची आहे.

ओळखायचं कसं? एक परिच्छेद निवडा, फॉन्ट बदलून 'निर्मला यूआय' करा. मराठी तशीच राहिली तर युनिकोड, म्हणजे कोणत्याही यंत्राला मराठी म्हणूनच ओळखता येणारी अक्षरं. इंग्रजी अक्षरांचा गोंधळ झाला तर जुना फॉन्ट.

रूपांतरक फुकट मिळतात, पण सगळी फाइल एकदम त्यात ओतू नका. नोट्समध्ये मधेमधे खरोखरची इंग्रजी अक्षरं असतात (सूत्रं, आलेखावरच्या बिंदूंची नावं, संक्षेप) आणि रूपांतरक त्यांचंही निरर्थक मराठी करून टाकतो. वर्डमध्ये प्रगत शोधात जाऊन फक्त त्या जुन्या फॉन्टमधला मजकूर एकत्र निवडता येतो. तेवढाच रूपांतरित करा. नंतर छापून नाही, पडद्यावरच वाचा. रफार एक अक्षर पुढेमागे सरकणं, पहिली वेलांटी चुकीच्या अक्षरावर बसणं आणि 'द्ध', 'श्र', 'ह्म' यांसारखी जोडाक्षरं फुटणं या तीन जागा सगळ्यात जास्त बिघडतात.

सहाठिपके

कळंबा सरांच्या यादीत एक भर. 'करणाऱ्या', 'दुसऱ्या', 'शेतकऱ्यांना' यातला अर्धा र तपासाच. बरेच रूपांतरक त्याचा 'करणार्या' करतात. वाचणारा डोळा ते चालवून घेतो, पण यंत्राचा आवाज 'कार्य'मधल्यासारखा उच्चार करतो आणि कानाला शब्दच लागत नाही. शिवाय हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन पद्धतींनी साठवता येतो. दिसायला दोन्ही सारखेच, पण एका पद्धतीने शोधलं तर दुसरीतले शब्द सापडत नाहीत. 'शोधा आणि बदला' वापरून सगळ्या फाइलभर एकच पद्धत करून घ्या.

आता फोटोंच्या पीडीएफ. तो मजकूर नाहीच, चित्र आहे. स्क्रीन रीडर तिथे गप्प बसतो किंवा नुसतं 'इमेज' म्हणतो. फोटोऐवजी सपाट स्कॅनरवर ३०० डीपीआयला, करड्या छटेत, पान सरळ ठेवून स्कॅन करा. पुस्तकाच्या शिवणीजवळच्या वाकलेल्या ओळी ओसीआरला (चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणाऱ्या सॉफ्टवेअरला) जमत नाहीत, तिथे पुस्तक हलकेच दाबून धरा. टेसरॅक्ट या फुकट ओसीआरला मराठीचा डेटा वेगळा जोडावा लागतो. तो न जोडता चालवलं तर निकाल इंग्रजी अक्षरांत येतो आणि लोक समजतात की मराठी ओसीआर होतच नाही. गूगल ड्राइव्हवर फाइल चढवून 'डॉक्सने उघडा' केलं तरी मजकूर मिळतो, पण मोठी फाइल देऊ नका. २ एमबीच्या आतले तुकडे करा. तक्ते दोन्हीकडे विस्कटतात, ते हातानेच पुन्हा बांधा.

हक्काचा प्रश्न हमखास विचारला जातो. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ५२(१)(झेडबी) आलं. दिव्यांग विद्यार्थ्याला अभ्यासासाठी वाचता येईल असं रूपांतर नफा न घेता करून देता येतं. पण याच आधारावर अख्ख्या वर्गाला पुस्तकाची स्कॅन प्रत वाटता येत नाही. वर्गासाठी स्वतःच्या नोट्स, अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकाची रूपांतरित प्रत, असं वेगळं ठेवा. आणि एवढं स्कॅनिंग करण्याआधी सुगम्य पुस्तकालयात ते पुस्तक आहे का बघा. २०१६ पासून ही ऑनलाइन सोय आहे, छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या व्यक्तीला सभासद होता येतं.

खडू ते कीबोर्ड

युनिकोड झालं की काम निम्मं झालं. उरलेलं निम्मं म्हणजे रचना.

शीर्षक ठळक आणि मोठं केलं म्हणजे ते शीर्षक होत नाही. होम टॅबवरच्या स्टाइल्समधून हेडिंग १, हेडिंग २ द्या (कंट्रोल, ऑल्ट आणि १ किंवा २ दाबलं तरी चालतं). स्क्रीन रीडरवर एक कळ दाबून पुढच्या शीर्षकावर उडी मारता येते, ती याच्याच जोरावर. शीर्षकंच नसतील तर चाळीस पानांच्या नोट्स दर वेळी पहिल्या ओळीपासून ऐकाव्या लागतात. डोळसांनाही याच शीर्षकांतून डावीकडची अनुक्रमणिका आपोआप मिळते.

तक्त्यात पहिली ओळ 'रिपीट ॲज हेडर रो' करा, पेशी एकत्र करू नका, मोकळ्या पेशीत 'नाही' किंवा 'लागू नाही' लिहा. स्पेस आणि टॅब मारून आकडे एकाखाली एक बसवलेला तक्ता स्क्रीन रीडरला तक्ता वाटतच नाही, तो सगळे आकडे एका दमात वाचून टाकतो. भाषाही सांगावी लागते: रिव्ह्यूमध्ये प्रूफिंगची भाषा मराठी करा. शेवटी तिथेच 'चेक ॲक्सेसिबिलिटी' चालवा.

पीडीएफ करायचीच असेल तर 'सेव्ह ॲज'मधून, आणि ऑप्शन्समध्ये ॲक्सेसिबिलिटीसाठीचे डॉक्युमेंट स्ट्रक्चर टॅग्ज ही खूण चालू ठेवून. 'प्रिंट टू पीडीएफ'ने केली की सगळी शीर्षकं जातात. पण माझं स्पष्ट मत असं की मराठीसाठी पीडीएफ हे मुख्य रूप ठेवूच नये. युनिकोडमधून केलेल्या पीडीएफमधूनही मजकूर बाहेर काढताना मात्रा-वेलांट्या कित्येकदा जागा बदलतात. शिवाय फोनवर पान बोटांनी मोठं करून डावी-उजवीकडे सरकवत वाचावं लागतं. मूडलचं 'पुस्तक' हे साधन वापरा. एका प्रकरणाला एक पान, मजकूर फोनच्या रुंदीला आपोआप बसतो. वर्डमधून चिकटवताना फॉरमॅटिंग काढून चिकटवा, नाहीतर वर्डचे फॉन्ट-आकार सोबत येऊन फोनवर अक्षर बारीक दिसतं.

राधानगरीकर

मुद्दा चांगला हाय, पण रेंजचं कुणी बोलंना. आमच्याकडं दाजीपूरच्या अंगाला घरात रेंज न्हाई, टेकावर गेल्यावर दोन कांड्या दिसत्यात. पोरं कोल्हापुरात आल्यावर जे उतरून घेतील तेवढंच घरी. पन्नास मिनिटांचा व्हिडिओ कोण बघणार?

उमा टॉकीज

बरोबर बोललात. हिशेबच मांडतो. मोबाइलवर पूर्ण एचडीत केलेलं रेकॉर्डिंग सेकंदाला ४ मेगाबिट धरलं तर ५० मिनिटांचे दीड जीबी होतात. तेच १० मिनिटांचं स्लाइड आणि आवाज असं ध्वनिचित्र ४८०पी, सेकंदाला १५ चौकटी, व्हिडिओ सरासरी १५० किलोबिट आणि आवाज एकपदरी ४८ किलोबिट असं बसवलं की साधारण १५ एमबी. नुसता आवाज ठेवला तर ३.६ एमबी. हँडब्रेक हे फुकट सॉफ्टवेअर हे काम करतं: एच.२६४, आरएफ (दर्जाचा आकडा, वाढवला की फाइल लहान होते) २६ ते २८, चौकटी १५, आवाज मोनो. स्लाइड स्थिर असल्यामुळे एवढ्या कमीतही अक्षर स्वच्छ राहतं. बोलणारा चेहरा कोपऱ्यात ठेवलात की आकार लगेच वाढतो, म्हणून तो ओळखीच्या पहिल्या भागापुरता ठेवा.

स्लाइडवर मराठी अक्षर २८ पॉइंटच्या खाली नको. फोनच्या पडद्यावर ४८०पीत उकार आणि अनुस्वार सगळ्यात आधी पुसट होतात. ओळींत दीडपट अंतर ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत घुसतात.

लांबीचं म्हणाल तर एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरच्या ६९ लाख व्हिडिओ-सत्रांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. व्हिडिओ कितीही लांब असो, मुलं टिकून बघतात तो मध्यक जास्तीत जास्त ६ मिनिटांचा निघाला. एका व्हिडिओत एकच कल्पना ठेवा. 'मागणीचा नियम' वेगळा, 'मागणीतील बदल' वेगळा. जुन्या रेकॉर्डिंगमधून असे तुकडे कापायला बसू नका. मागच्या बाकावरून टिपलेल्या आवाजात पंखा आणि घुमारा इतका असतो की श्रवणयंत्र वापरणाऱ्याला त्यातून काहीही लागत नाही.

मागणीवक्र

लिहून घेतोय. राधानगरीकर, तुमचा मुद्दा धरून प्रत्येक घटकाचा आवाज आणि मजकूर वेगळा उतरवून घेता येईल असा ठेवतो.

आता खरी अडचण. अर्थशास्त्र म्हणजे आलेख. मागणी वक्र, पुरवठा वक्र, समतोल. चित्राच्या जागी 'मागणी वक्राची आकृती' असं लिहून भागणार नाही हे कळतं. मग काय लिहायचं?

सहाठिपके

आलेख वर्गात कशासाठी काढला, हे आधी ठरवा. त्यावरून वर्णन ठरतं. तीन थर ठेवा.

पहिला थर म्हणजे चित्राला जोडलेला पर्यायी मजकूर, एक-दोन वाक्यांत निष्कर्षासह: 'गुळाचा मागणी वक्र. किंमत किलोला ४० वरून ६० रुपये होताना मागणी १०० वरून ६० क्विंटलवर येते. रेषा डावीकडून उजवीकडे खाली उतरते.' आकडे अर्थातच उदाहरणादाखल.

दुसरा थर आलेखाखालीच, सगळ्यांना दिसेल असा तक्ता: ४० रुपयांना १००, ५० ला ८०, ६० ला ६० क्विंटल.

तिसरा थर म्हणजे शब्दांतलं सविस्तर वर्णन. इथे अक्षांपासून सुरुवात करा, कारण अर्थशास्त्रात मार्शलपासूनची रीत किंमत उभ्या अक्षावर दाखवण्याची आहे. गणितात मात्र ज्यामुळे बदल होतो ती गोष्ट आडव्या अक्षावर असते. ही अदलाबदल सांगितली नाही तर नुसतं ऐकणारं मूल आलेख मनात उलटा काढतं. मग बिंदू, मग दिशा, मग बदल: 'संक्रांतीच्या तोंडावर किंमत ५० रुपयेच असताना मागणी ८० वरून ११० क्विंटल झाली. म्हणजे त्याच वक्रावरून आपण खाली सरकलो नाही, अख्खा वक्र उजवीकडे गेला.' विस्तार-संकोच (त्याच वक्रावर सरकणं) आणि वृद्धी-ऱ्हास (अख्खा वक्र सरकणं) यातला गोंधळ डोळस मुलांचाही असतो. हे वाक्य त्यांच्याही उपयोगाचं आहे.

स्पर्शासाठी जाड पुठ्ठा, अक्षांना बारीक दोरा, वक्राला जाड सुतळी, चिकटवायला फेविकॉल. समतोल बिंदूला मसुराची डाळ. एका पुठ्ठ्यावर अक्ष सोडून दोनपेक्षा जास्त वक्र नकोत, आणि दोन रेषा अर्ध्या सेंटिमीटरच्या आत आल्या की बोटाला एकच लागतात. फेविकॉल रात्रभर वाळू द्या, ओला असताना बोट फिरवलं की सुतळी सरकते. तिथल्या तिथे काढून दाखवायचं असेल तर जर्मन फिल्म (स्पर्शाच्या आकृत्यांसाठीचा पातळ प्लास्टिकचा कागद) आणि खाली रबरी पाटी. बॉलपेनने दाबून काढलेली रेष उठून येते.

शेंडापार्क

रंगांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. जुना वक्र लाल आणि नवा हिरवा असं करू नका. लाल-हिरव्यात फरक न कळणारी मुलं प्रत्येक वर्गात असू शकतात, आणि तीच आकृती काळी-पांढरी झेरॉक्स होऊन फिरते तेव्हा तर कुणालाच कळत नाही. जुना वक्र सलग रेषेने, नवा तुटक रेषेने, आणि नाव रेषेच्या टोकाशीच लिहा. अक्षर आणि पार्श्वभूमी यांतला फरक साध्या मजकुराला किमान ४.५ ला १, मोठ्या अक्षरांना ३ ला १ हवा. पांढऱ्यावर पिवळं आणि फिकट राखाडी यात नापास होतात.

भवानी मंडप

सगळं पटतं, पण एक प्रामाणिक शंका. एवढ्या नीटनेटक्या नोट्स, आवाज, व्हिडिओ घरबसल्या मिळाले तर मुलं वर्गात कशाला येतील? आणि आली तरी लिहून घेणार नाहीत. लिहिण्यातून जे डोक्यात बसतं ते जाणार.

खडू ते कीबोर्ड

शंका रास्त आहे. यावर चालतो तो उपाय म्हणजे मोकळ्या जागांच्या नोट्स. वर्गाआधी सांगाडा द्यायचा: शीर्षकं, व्याख्या, तक्त्याचे रकाने. उदाहरणं, कारणं आणि गणितातली शेवटची पायरी वर्गात भरायची. पूर्ण नोट्स आठवड्याने उघडायच्या, मूडलमध्ये तारखेची अट लावता येते. मात्र ज्यांना लिहिणं शक्य नाही किंवा ऐकत ऐकत लिहिता येत नाही त्यांना पूर्ण नोट्स पहिल्या दिवशीच द्या. त्यासाठी मूडलमध्ये एक गट करा आणि अट त्या गटाला लावू नका.

मोकळी जागा दाखवायला खालच्या रेघा ओढू नका. स्क्रीन रीडर एकेक रेघ मोजत बसतो किंवा सरळ गाळतो. '[रिकामी जागा ३]' असं लिहा.

आणि नुसतं पुन्हा वाचण्याने फार थोडं राहतं. २०१३ मध्ये डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या, त्यात स्वतःची चाचणी घेणं आणि अंतरा-अंतराने उजळणी या दोनच सर्वाधिक उपयोगी ठरल्या. पुन्हा वाचणं आणि खाली रेघा मारणं तळाशी. म्हणून तुमचा पन्नास प्रश्नांचा फॉर्म मोडा. प्रत्येक घटकाला पाच प्रश्न. त्यातले दोन आठवड्याने पुढच्या घटकाच्या चाचणीत पुन्हा, आणखी दोन तीन आठवड्यांनी. गुण अगदी थोडे किंवा शून्य.

प्रश्नाचं काम पर्यायांत असतं. उदाहरण घ्या: गुळाची किंमत ४० वरून ४४ रुपये झाली, मागणी १०० वरून ९५ क्विंटल. किंमत लवचिकता किती? (ऋण चिन्ह सोडून.) उत्तर ०.५, कारण मागणीत ५ टक्के घट, किमतीत १० टक्के वाढ. चुकीचा पर्याय २ ठेवा: तो निवडणाऱ्याने भागाकार उलटा केला. दुसरा चुकीचा पर्याय १.२५: त्याने टक्केवारी न काढता ५ ला ४ ने भागलं. प्रत्येक पर्यायाखाली हाच खुलासा लिहा. 'चूक, पुन्हा प्रयत्न करा' एवढ्याने मुलाला काहीच कळत नाही. कोणता चुकीचा पर्याय जास्त निवडला गेला हे मूडलच्या अहवालात दिसतं, पुढच्या तासाची पहिली दहा मिनिटं त्यावर द्या. मुलं वर्गात येतात ती यासाठी.

कळंबा

खडू मॅडमच्या चाचण्यांसाठी मूडलमधली मांडणी सांगतो.

सरावाच्या चाचणीला 'इंटरॲक्टिव्ह विथ मल्टिपल ट्राइज' लावा, म्हणजे चुकल्या चुकल्या खुलासा दिसतो. पण राधानगरीकरांच्या मुलांसाठी हीच चाचणी मूडल ॲपमध्ये ऑफलाइन चालत नाही. ऑफलाइनसाठी 'डिफर्ड फीडबॅक' (खुलासा शेवटी) हवा, वेळेची मर्यादा काढलेली हवी, आणि चाचणीच्या सेटिंगमध्ये मोबाइलवर ऑफलाइन सोडवू देण्याची परवानगी चालू हवी. तेव्हा त्याच प्रश्नपेढीतून दोन चाचण्या करा, एक अशी आणि एक तशी. मुलाने कॉलेजच्या वाय-फायवर असताना ॲपमध्ये कोर्स उतरवून घ्यायचा, घरी सोडवायचा, पुन्हा रेंजमध्ये आल्यावर 'सिंक' करायचं. सिंक न करता ॲप काढून टाकलं तर उत्तरं गेली, हे सांगून ठेवा.

वेळ लावलेल्या चाचणीत दिव्यांग विद्यार्थ्यांना जादा वेळ द्यायचा तो 'ओव्हरराइड'मधून (ठरावीक विद्यार्थ्यांसाठी वेगळी सेटिंग). केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार तासाला किमान २० मिनिटं. १५ मिनिटांच्या चाचणीला ५ मिनिटं वाढवून २०. गटाला एकदाच लावून ठेवलं की विसरत नाही. गूगल फॉर्ममध्ये अशी विद्यार्थीनिहाय वेळ बसवता येत नाही, चाचणी मूडलवर आणायला एवढं एक कारण पुरेसं आहे.

आकड्यांच्या प्रश्नात एक खड्डा आहे. मराठी कळफलकावरून मुलाने '०.५' लिहिलं तर 'न्यूमरिकल' प्रकार ते आकडा म्हणून धरत नाही. उत्तर बरोबर, गुण शून्य. त्याऐवजी 'शॉर्ट आन्सर' घ्या आणि मराठी व इंग्रजी दोन्ही आकड्यांतलं उत्तर बरोबर म्हणून नोंदवा.

शेंडापार्क

मुदतीही आत्ताच ठरवून ठेवा. पहिलं सत्र म्हणजे पावसाळा. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. पाणी तिथवर चढेपर्यंत गगनबावड्याच्या रस्त्यावर पाणी येतं, एसटी थांबते, वीज जाते, मनोऱ्याची बॅटरी संपली की रेंजही. २०१९ आणि २०२१ चे महापूर सगळ्यांनी पाहिलेत. जुलै-ऑगस्टमधली कोणतीही चाचणी एका दिवसात बंद होणारी नको. किमान दहा दिवस उघडी ठेवा. आणि मुदत संपल्यावर चाचणी कुलूपबंद न करता गुणांशिवाय सरावाला खुली राहू द्या.

मागणीवक्र

हे अगदी मनावर घेण्यासारखं. उपशीर्षकांचं सांगा कुणीतरी. आणि आलेखांची वर्णनं एआयकडून लिहून घेतली तर?

सहाठिपके

एआयकडून पहिला खर्डा घ्यायला हरकत नाही, पण आलेखावरचे आकडे आणि दिशा स्वतः ताडून बघा. रेषा कुठे छेदतात हे ते कित्येकदा चुकीचं सांगतं, आणि 'निळ्या रंगाची सुंदर रेषा' असलं नको ते वर्णन करतं. आलेख वर्गात कशासाठी काढला हे त्याला माहीत नसतं. ते शिक्षकालाच माहीत असतं.

उमा टॉकीज

उपशीर्षकं उलट्या बाजूने करा. आधी सहा मिनिटांची संहिता लिहा, मग तीच बोला. संहिता हातात असली की उपशीर्षकाचं बरंचसं काम झालेलंच असतं, आणि तीच न ऐकू येणाऱ्यांसाठी नोट्स म्हणून देता येते. बिनसंहितेचं बोललात तर गूगल डॉक्सच्या व्हॉइस टायपिंगमध्ये मराठी निवडून मजकूर मिळतो, पण त्यात विरामचिन्हं घालावी लागतात आणि 'सीमांत उपयोगिता'सारखे शब्द हमखास तुटतात.

एसआरटी, म्हणजे उपशीर्षकांची फाइल नोटपॅडमध्ये बनते: क्रमांक, वेळ, मजकूर, मग एक रिकामी ओळ. वेळेचे आकडे इंग्रजीतच, मराठी आकडे टाकले तर प्लेअर फाइल उचलत नाही. सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ-८, नाहीतर पडद्यावर नुसती प्रश्नचिन्हं. एका वेळी दोनच ओळी, ओळीत सहा-सात शब्द, आणि वाक्य तोडताना विभक्तीचा शब्द एकटा खाली ढकलू नका. उपशीर्षकं व्हिडिओवर कायमची छापू नका, वेगळी फाइल जोडा, म्हणजे हवी त्याला लावता येतात.

ही मेहनत थोड्यांसाठी आहे असं समजू नका. १९०१ च्या व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून हे बोर्डिंगांचं गाव आहे. एका खोलीत चार-सहा मुलं असताना रात्री आवाज लावून कोण ऐकणार? ती उपशीर्षकं वाचत बघतात.

आणि निधीचं. स्मार्ट बोर्डावर लिहिलेलं सेव्ह केलं की पुन्हा चित्राची पीडीएफच मिळते, म्हणजे जिथून निघालो तिथेच. त्यापेक्षा कॉलर माइक घ्या, हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा. एक सपाट स्कॅनर, ग्रंथालयातल्या दोन संगणकांना हेडफोन, आणि जमलं तर दर सत्राला नोट्स तपासणाऱ्या विद्यार्थ्याला मानधन. वर्गात बोलताना फळ्याकडे तोंड करून बोलू नका. ओठ दिसले नाहीत की श्रवणयंत्रवाल्याचा निम्मा आधार जातो, आणि ही गोष्ट कोणत्याही यंत्राने भरून निघत नाही.

राधानगरीकर

हे सगळं झाल्यावर चालतंय का न्हाई हे कळायचं कसं, सर? अंध पोरांनाच दर वेळी तपासायला लावणं बरं न्हाई.

कळंबा

त्यांच्याकडे पोचण्याआधी आपणच तपासायचं. एनव्हीडीए हा संगणकावरचा स्क्रीन रीडर फुकट आहे, ईस्पीकचा मराठी आवाज त्यात असतो. मूडलचं पान उघडा, पडदा बंद करा, माउस बाजूला ठेवा. एच दाबून शीर्षकांवरून, टी दाबून तक्त्यांवरून, के दाबून लिंकांवरून फिरा. इन्सर्ट आणि एफ७ दाबलं की लिंका आणि शीर्षकांची यादी येते. त्या यादीत 'येथे क्लिक करा', 'येथे क्लिक करा' असं ओळीने ऐकू आलं तर लिंकांची नावं बदला: 'घटक २ चा आवाज, ३.६ एमबी' अशी. तक्त्यात कंट्रोल, ऑल्ट आणि बाणांनी चाला. आकड्यासोबत रकान्याचं नाव ऐकू यायला हवं. '-०.५' मधलं ऋण चिन्ह आवाजात गाळलं जातं का तेही ऐका. गाळलं जात असेल तर 'ऋण ०.५' असं अक्षरांत लिहा.

फोनवर टॉकबॅक, म्हणजे अँड्रॉइडचा स्क्रीन रीडर: आवाजाची दोन्ही बटणं तीन सेकंद एकत्र दाबली की बहुतेक अँड्रॉइड फोनवर चालू-बंद होतं. पहिल्यांदा वापरताना बंद कसं करायचं ते आधी समजून घ्या.

मागणीवक्र

ठीक. पहिल्या आठवड्यात 'मागणीची लवचिकता' हा एकच घटक पूर्ण करतो: मजकूर, तीन आलेखांची वर्णनं, पाच प्रश्न, सहा मिनिटांचा आवाज. इतर घटकांच्या जुन्या फाइली तोवर तशाच ठेवू का काढून टाकू?

खडू ते कीबोर्ड

ठेवा, पण वेगळ्या विभागात, 'जुन्या नोट्स, सुधारणा चालू' असं नाव देऊन. आणि ज्या घटकाचा तास आधी आहे तो आधी घ्या, अभ्यासक्रमाच्या क्रमाने जाऊ नका. अंध विद्यार्थ्यांना त्या-त्या घटकाची युनिकोड फाइल तासाच्या दोन दिवस आधी मिळायला हवी, बाकी सजावट नंतर झाली तरी चालेल. लवचिकतेच्या घटकात सूत्र असेल तर ते चित्र म्हणून डकवू नका. मूडलच्या समीकरण संपादकातून घाला आणि खाली शब्दांतही लिहा: 'मागणीतील शेकडा बदल भागिले किमतीतील शेकडा बदल'. फाइल झाली की इथे रचना टाका, तक्ते मी बघते.